‘जंगल’ इंग्रजीत गेलं आणि दाट होऊन परत आलं

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, अक्राणी. खान्देशातल्या, सातपुड्याच्या अंगाखांद्यावरच्या या तालुक्यांत ‘वनदावा’, कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणारा अर्ज, म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या हातात वनपट्टा, म्हणजे त्या हक्काचा कागद, आलाय, कुणाची फाईल प्रांत ऑफिसात पडून आहे, कुणाला ‘ही जमीन वनात येत नाही’ असं सांगून परत पाठवलंय. त्यामुळे ‘वन म्हणजे नेमकं काय’ यावर दिल्लीत वाद चालतो तेव्हा त्याची झळ इथल्या पाड्यांपर्यंत येते.

हा वाद जुना आहे. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं की ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा शब्दकोशात जो अर्थ आहे तोच कायद्यासाठी धरायचा, मग ती जमीन कुणाच्याही मालकीची असो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती केली. सरकारी नोंदीत वन म्हणून न चढलेली पण प्रत्यक्षात वन असलेली जमीन आता कायद्याच्या संरक्षणाविना उघडी पडेल, अशी भीती व्यक्त झाली. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं आणि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने १९९६ चाच शब्दकोशातला अर्थ तूर्त चालू ठेवला.

आदेशातला शब्द ‘फॉरेस्ट’. कागदावर आपण त्याला ‘वन’ म्हणतो आणि बोलताना ‘जंगल’. हे जंगल आज इंग्रजीतही आहे, थेट आपल्याकडून गेलेलं. शब्दकोशच उघडायचा असेल तर या शब्दापासून सुरुवात करावी, कारण त्याचा मूळ अर्थ वाचला की आपला उघडाबोडका सातपुडा वेगळा दिसायला लागतो.

### इंग्रजीतलं जंगल कुठून आलं

इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जे’नंतर ‘यू’ आहे म्हणून तो कुठला तरी परका शब्द वाटतो. पण आपल्या ऱ्हस्व ‘अ’साठी त्या काळचे इंग्रज सर्रास ‘यू’ लिहीत. पंडित, ठग, पंजाब या तिन्ही शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तोच ‘यू’ आहे. उच्चार आपलाच, लिपी त्यांची.

इंग्रजीत हा शब्द छापलेला सापडतो तो १७७६ सालापासून. त्या वर्षी नॅथॅनियल हॅल्हेड या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने हिंदू कायद्याचं एक संकलन इंग्रजीत आणलं. वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून बंगालमधल्या पंडितांनी ते संस्कृतात रचलं, त्याचं फारसी भाषांतर झालं आणि हॅल्हेडने फारसीवरून इंग्रजी केलं. त्यात जमिनीच्या मशागतीचे नियम सांगताना एक व्याख्या येते: पाच वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीला जंगल म्हणतात.

या व्याख्येत झाडांचा उल्लेखच नाही. वाघ नाही, वेली नाहीत, अंधार नाही. नांगर थांबला आणि पाच पावसाळे गेले की वावराचं जंगल झालं, इतकाच हिशेब.

### त्याही आधी: वैद्यांचं ‘जांगल’

‘जंगल’ संस्कृतातून आलं, आणि संस्कृतात ‘जांगल’ हा शब्द सगळ्यात जास्त भेटतो तो वैद्यकाच्या ग्रंथांत. चरक आणि सुश्रुत यांनी प्रदेशांचे तीन प्रकार केले. पाण्याने भरलेला, दमट तो आनूप. कोरडा तो जांगल. दोन्हींची लक्षणं मिसळलेला तो साधारण. ही वाटणी त्यांना रोग्यासाठी हवी होती. माणूस कुठल्या हवेत राहतो, कुठलं पाणी पितो, कुठल्या जमिनीवर चरलेल्या जनावराचं मांस खातो, यावरून औषध ठरायचं. जांगल प्रदेशातल्या हरणाचं, तित्तिराचं मांस पचायला हलकं आणि आनूपातल्या जनावराचं जड, हा नियम याच वाटणीतून आला.

सुश्रुताने सूत्रस्थानात जांगल देशाचं वर्णन केलंय ते साध्या मराठीत असं: आकाशासारखा मोकळा आणि सपाट. झाडं विरळ, बुटकी, बहुतेक काटेरी. पाऊस थोडा, झरे आणि विहिरी थोड्या. वारा उष्ण आणि कठोर. डोंगर लहान आणि तुरळक. माणसं सडपातळ पण काटक.

एप्रिल-मे महिन्यात भुसावळहून धुळ्याकडे गेलेल्या कुणीही हे वर्णन वाचावं. सुश्रुताने खान्देश पाहिला होता असा माझा दावा नाही, पण या मातीतल्या माणसाला हे वर्णन अनोळखी वाटणार नाही.

चरकाच्या कल्पस्थानात याच जांगल देशातल्या झाडांची यादी आहे. ती मला फार मोलाची वाटते, कारण त्यातली झाडं आजही सातपुड्यात उभी आहेत. खदिर म्हणजे आपला खैर. धव म्हणजे धावडा. तिनिश म्हणजे तिवस. बदरी म्हणजे बोर, तिंदुक म्हणजे टेंभुर्णी, आमलकी म्हणजे आवळा. ककुभ म्हणजे नाल्याकाठचा अर्जुन. शमी आहे, वड आहे, पिंपळ आहे. आणि शल्लकी आहे, म्हणजे सालई.

सालई जरा जवळून पाहण्यासारखी आहे. यावल अभयारण्यात पालच्या बाजूला उन्हाळ्यात गेलात तर उतारावर ती निष्पर्ण उभी दिसते. राखाडी-हिरवट साल, आणि तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटून वाऱ्यावर हलत असतात. पानं नसताना, भर कोरड्या दिवसांतच तिला बारीक पांढरा फुलोरा येतो आणि मग तीन धारांची छोटी फळं धरतात. खोडाला जखम झाली की डिंक ओघळतो. तो वाळवून निखाऱ्यावर टाकला की घरभर धूपाचा वास पसरतो. गुडघेदुखीवर दुकानात ‘शल्लकी’ नावाच्या गोळ्या मिळतात त्या याच डिंकाच्या. दगडावर, मातीचा जेमतेम थर असलेल्या उतारावर हे झाड जगतं. बाहेरचं एखादं झाड तिथे आणून लावा, दोन उन्हाळे काढताना त्याची दमछाक होईल.

चरकाची यादी खान्देशातल्या माणसाला वाचून दाखवली तर तो आणखी एक नाव नक्की जोडेल: अंजन. या झाडाच्या पानाला दोनच दलं असतात, देठाशी जुळलेली. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. दुष्काळात त्याचा पाला गुरांना घालतात आणि सालीच्या वाखाचे दोर वळतात. पाऊस कमी आणि ऊन जास्त अशा ठिकाणी अंजन खुशाल वाढतो.

चरकाच्या वर्णनात वारा आहे, मृगजळ आहे, रेताड-खडकाळ जमीन आहे, लावे, तित्तिर आणि चकोर आहेत. झाडं गर्द असल्याचाही उल्लेख आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणजे जांगल म्हणजे वाळवंट नव्हे. झाडं असलेला, पण कोरड्या हवेतला, मोकळ्या आभाळाचा प्रदेश असा त्याचा अर्थ.

### राजाने राहावं असा देश

आज ‘जंगली’ म्हटलं की शिवी होते. जांगल शब्दाला तेव्हा तसा वास नव्हता. राजाने कुठे राहावं हे सांगताना मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात ‘जांगलं सस्यसंपन्नम्’ म्हटलंय: जांगल आणि धान्याने समृद्ध असा देश निवडावा. याज्ञवल्क्य स्मृतीतही तेच सांगितलंय, आणि तिथे गुरांना पोसणारा देश हे विशेषण जोडलंय. महाभारतातल्या कौरवांच्या मुलखाच्या नावातच ‘कुरुजांगल’ आहे.

कारण उघड आहे. कोरड्या मोकळ्या मुलखात ताप-हिवताप कमी, गुरांना गवत भरपूर, पाणी साठवलं की शेती चांगली, आणि काळवीट जिथे आपणहून चरतो ती भूमी यज्ञाला योग्य असाही समज होता. दाट, दमट रानापेक्षा हा मुलूख माणसाला मानवणारा होता. दाट रानासाठी वेगळे शब्द होतेच: वन, अरण्य, अटवी.

### मग झाडी कधी शिरली?

अर्थ एका दिवसात बदलला नाही, आणि एकट्या इंग्रजांनीही बदलला नाही.

पहिला बदल आपल्याच बोलीभाषांत झाला. कोरडी मोकळी जमीन या अर्थावरून शब्द न कसलेल्या जमिनीवर सरकला. न कसलेल्या जमिनीत झुडपं माजतात, म्हणून तो झुडपांवर सरकला. शब्द फारसीतही गेला आणि तिथे तर चांगलाच ओला झाला. इराणच्या उत्तरेला, कास्पियन समुद्राकाठी भरपूर पाऊस पडतो, तिथल्या दाट झाडीला जंगलच म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात गीलान प्रांतात मिर्झा कूचिक खानने बंड केलं. त्याचे लोक त्या झाडीत राहून लढत म्हणून ते ‘जंगली’ म्हणून ओळखले गेले.

दुसरा बदल कंपनी सरकारच्या वहीत झाला, आणि इथे खान्देशाचा इतिहास थेट येतो. १८०२ च्या सुमारास होळकर-शिंद्यांच्या लढायांत या मुलखाची धूळधाण झाली. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गावंच्या गावं उठली. तापी, गिरणा, पांझरा, बोरीच्या खोऱ्यांतली काळी जमीन वर्षानुवर्षं नांगराविना राहिली आणि तिच्यावर झाडोरा माजला. १८१८ मध्ये कंपनीने खान्देश ताब्यात घेतला तेव्हा अधिकाऱ्यांना हेच दिसलं. सारा देणारी जमीन कुठली आणि न देणारी कुठली, एवढंच त्यांना लिहून काढायचं होतं. न देणारी ती ‘जंगल’. त्या न देणाऱ्या जमिनीत राहणारे भिल्ल त्यांच्या लेखी उपद्रवी ठरले. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली ती याच काळात. चाळीसगावजवळच्या घाटाला आणि तिथल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याला आजही त्याचं नाव आहे.

१८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश छापला. त्यात त्यांनी जंगलाचा हा सगळा घसरणीचा मार्ग स्वच्छ लिहून ठेवलाय. एतद्देशीय भाषेत हा शब्द काटेकोरपणे फक्त ओसाड, न कसलेल्या जमिनीसाठी. मग झुडपांनी, झाडांनी, उंच गवताने व्यापलेल्या जमिनीसाठी. आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी तो मशागतीचा मुद्दाच सोडून थेट अरण्यासाठी वापरला जातो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय संस्कृतात हा शब्द मुख्यतः वैद्यकग्रंथांत येतो, हेही त्यांनी नोंदवलंय.

### परतीची वाट

जगभर ज्या गोष्टीमुळे हा शब्द पोचला ती म्हणजे रुडयार्ड किपलिंगचं १८९४ चं ‘द जंगल बुक’. मोगलीच्या गोष्टी मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरात घडतात. म्हणजे सातपुड्यातच, आपल्या यावल-शिरपूरच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या भागात. तिथलं वन साग, धावडा, तेंदू, मोह यांचं, उन्हाळ्यात पानं गाळणारं. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात एक गोष्ट तर पूर्ण दुष्काळाची आहे: वैनगंगेचं पाणी आटतं, पात्रातला खडक उघडा पडतो आणि सगळे प्राणी वैर विसरून एका पाण्यावर येतात. पण जगाने पुढे सिनेमात पाहिलं ते जंगल वेलींनी लोंबणारं, बारा महिने ठिबकणारं होतं.

असंच होत गेलं. आफ्रिकेतलं, ॲमेझॉनचं, बोर्निओचं सगळं ओलं रान इंग्रजीत ‘जंगल’ झालं. आंद्रेआस शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये त्यासाठी ‘पर्जन्यवन’ या अर्थाचा नेमका शब्द दिला, तरी सामान्य बोलण्यात जंगलच राहिलं. खरं तर जुन्या पर्जन्यवनात जमिनीवर ऊनच पोचत नाही, त्यामुळे खाली बऱ्यापैकी मोकळं असतं. गच्च गुंता दिसतो तो कडेला, नदीकाठी किंवा तोडीनंतर पुन्हा उगवलेल्या भागात.

पुढे हा अर्थ शाळेच्या पुस्तकांतून, टीव्हीवरच्या वन्यजीवांच्या कार्यक्रमांतून आणि सरकारी जाहिरातींतून आपल्याकडे परत आला. आपल्या गावातून सुरतेला कामाला गेलेला पोरगा दहा वर्षांनी परत येतो तेव्हा नाव तेच असतं, पण कपडे, बोलणं, आवडीनिवडी बदललेल्या असतात आणि घरच्यांनाच त्याच्यासमोर आपण गावंढळ वाटायला लागतो. ‘जंगल’ शब्दाचं तसंच झालं. तो परत आला आणि ज्या कोरड्या माळरानावर त्याचा जन्म झाला, तेच आपल्याला जंगल वाटेनासं झालं.

### ‘पण मराठीत जंगल म्हणजे झाडीच ना?’

हो. आणि ते चूक नाही. शब्दाचा अर्थ वापरणाऱ्या लोकांच्या तोंडी असतो तो. दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ खरा आणि आजचा खोटा, असं भाषेत चालत नाही. तसं धरायचं तर अर्धी मराठी मोडीत काढावी लागेल. म्हणून ‘जंगल म्हणजे मुळात ओसाड जमीन, तेव्हा तोडा झाडं’ असा कुणी युक्तिवाद केला तर तो साफ फेटाळावा.

जुना अर्थ दुसऱ्या कामासाठी उपयोगी आहे. या देशातल्या जाणत्या माणसांनी कोरड्या मुलखाला स्वतःचं नाव दिलं होतं, त्याची झाडं मोजली होती, पक्षी ओळखले होते, तिथली माणसं काटक असतात हे टिपलं होतं. त्यांना तो मुलूख बिघडलेलं अरण्य वाटला नाही. ही नजर शब्दाबरोबर हरवली.

मराठीत तिचा एक धागा अजून शिल्लक आहे. ‘रान’ हा शब्द अरण्यातून आला, पण शेतकरी ‘रानात जातो’ म्हणतो तेव्हा तो शेतात निघालेला असतो. पेरलेलं रान, पडीक रान, गायरान, माळरान. आपल्या बोलण्यात शेत, कुरण आणि झाडी यांच्यात अजून तारेचं कुंपण पडलेलं नाही.

### ‘खान्देशात पूर्वी दाट जंगल होतं, ते तोडलं म्हणून उघडं पडलं’

साक्री-शिरपूरकडे म्हाताऱ्या माणसांना विचारा, ‘आते जंगल कोठे शे?’ असा प्रतिप्रश्न येतो. त्यात दुःख आहे आणि ते खरं आहे. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि पुढे नागपूर-जबलपूरकडे गेली. रुळांखालच्या स्लीपरना आणि इंधनाला लाकूड लागलं. १८७८ च्या वनकायद्याने राखीव वनं आखली गेली, लोकांचे हक्क आखडले आणि सागाला भाव आला. स्वातंत्र्यानंतरही तोड थांबली नाही. सातपुड्याचे कितीतरी उतार या तोडीने बोडके झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. तोडलेलं वन एक, आणि उन्हाळ्यात पानं गाळलेलं वन दुसरं. सातपुड्यातलं बरंचसं वन ‘शुष्क पानझडी’ प्रकारचं आहे. म्हणजे पाणी वाचवण्यासाठी झाडं कोरड्या महिन्यांत पानं टाकून देतात. जळगावात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाला त्याच ओलीवर काढायचे असतात. तिथे बारमाही हिरवं रान मागणं म्हणजे झाडाला जमणारच नाही ते मागणं. मे महिन्यात सालई-धावड्याचा उतार पाहून ‘इथे काही उरलं नाही’ म्हणणारा माणूस भर पावसाळ्यात तिथेच उभा राहिला, तर गुडघाभर गवतात आणि कोवळ्या पालवीत उभा असेल.

### शब्दाचा जमिनीवर परिणाम काय?

इथे मुद्दा भाषेच्या बाहेर पडतो.

भारतीय वन सर्वेक्षण ही सरकारी संस्था उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशाचं वनाच्छादन मोजते. तिचा नियम असा: एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा, आणि वरून पाहिलं तर जमिनीचा दहा टक्क्यांहून जास्त भाग झाडांच्या पानोऱ्याने झाकलेला. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे बघायचं नाही. म्हणून आंब्याची किंवा चिकूची बागही या मोजणीत वनाच्छादन ठरू शकते. आणि लांडगा, कोल्हा, तित्तिर जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात ते विरळ झुडपांचं माळरान दहा टक्क्यांखाली गेलं की ‘खुरटं’ या रकान्यात जातं. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशातही झुडपी जमीन पडीकच मोजली जाते. चरकाने ज्याला जांगल म्हणून मान दिला त्याला आज आपण ‘वेस्टलँड’ म्हणतो. अशी जमीन मग प्रकल्पाला देताना कुणाला फारसं वाईट वाटत नाही, कारण तिथे ‘काहीच नव्हतं’.

गंमत म्हणजे इंग्रजीतल्या ‘फॉरेस्ट’चीही अशीच कथा आहे. तो शब्द लॅटिनमधल्या ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दावरून आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सामान्य कायद्याच्या बाहेर, राजाच्या शिकारीसाठी राखलेली जमीन म्हणजे फॉरेस्ट. तिथे झाडं असायलाच हवीत असं नव्हतं. विल्यम राजाने १०७९ मध्ये राखलेल्या ‘न्यू फॉरेस्ट’मध्ये आजही मोठा भाग उघड्या माळाचा आहे. म्हणजे ‘जंगल’ आणि ‘फॉरेस्ट’ हे दोन्ही शब्द मुळात जमिनीबद्दल होते, झाडांबद्दल नंतर झाले. ‘शब्दकोशातला अर्थ’ धरायचा म्हटल्यावर कुठल्या काळचा कोश उघडायचा, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. १९९६ च्या आदेशाने वनांना मोठं संरक्षण दिलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या आदेशानंतर राज्यांनी शब्दकोशात बसणारी वनं शोधून त्यांची यादी करायची होती, आणि यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जर दाट हिरव्या रानाचं चित्र असेल तर कोरडं वन यादीबाहेर राहतं.

२००६ चा वनहक्क कायदा या बाबतीत जास्त शहाणा आहे. त्यातली वनजमिनीची व्याख्या ‘वनक्षेत्रात येणारी कोणत्याही प्रकारची जमीन’ अशी सुरू होते. झाडं किती, दाट किती, हे ती विचारत नाही. सीमांकन न झालेली, वर्गीकरण न झालेली जमीनही त्यात येते. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब ती कसत असेल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. आणि गावाला मिळून सामूहिक हक्क मागता येतो: चराईचा, डिंक-मोह-टेंभुर्णीचा, वनाची राखण करण्याचा.

### ‘झाडं लावली तर बिघडलं कुठे?’

झाडं लावण्याला विरोध नाही. तोडलेल्या उतारावर लावायलाच हवीत. पण तिथली लावावीत: अंजन, सालई, खैर, धावडा, तिवस. पावसाळ्यात मोहीम निघते, खड्डे खणले जातात आणि लवकर वाढणारं, बाहेरून आलेलं रोप त्यात बसवलं जातं, कारण दोन वर्षांत हिरवं दिसायला हवं असतं. मूळचं गवताळ माळ असेल तर त्यावर झाडं दाटीने लावणं म्हणजे गवतावर जगणाऱ्या सगळ्यांना हुसकावणं: मेंढपाळ, तित्तिर, लांडगा. सावली पडली की गवत जातं. गवत गेलं की मेंढ्या पाळणाऱ्या ठेलारींच्या कळपांनी पावसाळ्यानंतर जायचं कुठे?

म्हणून रोप लावण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना विचारावं की इथे काय होतं. हे विचारणं नुसतं चांगुलपणाचं नाही, त्याला कायद्याचं बळ आहे. वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून काय चालतं याची यादी नियमांत दिली आहे. त्यात दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन बसतं. सामूहिक दाव्यासाठी पारंपरिक कुरणं, कंदमुळं आणि चारा गोळा करण्याच्या जागा हेही पुराव्यात मोडतं.

ही निवेदनं लिहून घेताना ग्रामसभेच्या वनहक्क समितीने एक काळजी घ्यावी. आजोबा पावरीत, भिलीत किंवा अहिराणीत एखाद्या उताराचं नाव सांगतात, इथे गुरं बसायची, इथून सालईचा डिंक आणायचो, इथे फक्त गवत होतं, असं सांगतात. लिहिणारा पोरगा शिकलेला असतो. तो सवयीने त्या सगळ्याचं एकच ‘जंगल’ करतो किंवा एकच ‘पडीक’. तसं करू नये. जागेचं नाव आजोबा म्हणतात तसंच लिहावं, तिथे काय उगवायचं आणि कोण चरायचं ते वेगवेगळं लिहावं, आणि नकाशावर ती जागा त्याच नावाने दाखवावी.